खोड यंत्राची, तोडगा यंत्राशेजारी : पनवेलचा जाहीरनामा

पनवेलच्या एका सेवा केंद्रात प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. निळ्या पेनानं लिहिलेली, वर सेलोटेप, टेपच्या कडा काळ्या पडलेल्या. ‘दर प्रिंटनंतर प्रिंटर बंद करून चालू करणे. घाई करू नये.’ सातबाराचा उतारा असो की उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, एक कागद निघाला की मागचं बटण दाबायचं, पाचपर्यंत मोजायचं, पुन्हा दाबायचं. तिथली ताई हे इतक्या सराईतपणे करायची की बोलता बोलता तिचा हात आपोआप मागे जायचा. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवायचे. रांगेतल्या लोकांनाही ते पाठ झालं होतं.

ती चिठ्ठी म्हणजे ड्रायव्हर होता, संगणकाला यंत्र कसं चालवायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. कागदावर लिहिलेला आणि माणसाच्या हातानं चालणारा. हा जाहीरनामा त्या चिठ्ठीच्या विरोधात आहे.

आम्ही पनवेल आणि आसपासची माणसं. कुणी लॅपटॉप दुरुस्त करतं, कुणी तळोजा एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोलरला संगणक जोडून देतं, कुणी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या वजनकाट्यांचे संगणक सांभाळतं, कुणी रोज लोकलनं ऐरोलीला जाऊन दुसऱ्यांसाठी ड्रायव्हर लिहितं आणि घरच्या संगणकाला आवाज का नाही म्हणून रात्री बोलणी खातं. कॉलेजची पोरंपोरीही आहेत. आमचं फार थोड्या गोष्टींवर पटतं. पण एवढ्यावर पटलं: यंत्राची खोड कुणी सांभाळायची याची जागा ठरलेली असली पाहिजे, आणि माणसाचं डोकं ही ती जागा नव्हे.

‘खोड’ हा शब्द मुद्दाम घेतलाय. बिघाड वेगळा, खोड वेगळी. म्हैस भरपूर दूध देते, पण पुढ्यात आंबोण ठेवल्याशिवाय पान्हा सोडत नाही. तिला आजारी कुणी म्हणत नाही. बिघाड दुरुस्त होतो, खोड सांभाळून घ्यावी लागते. चिपमध्ये एकदा कोरलेली चूक कारखान्यात परत जात नाही. ती विकली जाते, रिक्षातून दुकानात येते आणि दहा वर्षं कुणाच्या तरी टेबलावर बसते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण संगणकाच्या किती तरी आधीची असली तरी तिच्याइतकं नेमकं हार्डवेअरबद्दल आमच्या वाचनात काही आलेलं नाही.

एक साधी खोड सांगतो. पेन ड्राइव्ह लावला की संगणक त्याला विचारतो, तुझ्या शेवटच्या कप्प्याचा क्रमांक काय? कप्पे शून्यापासून मोजायचे असतात, म्हणजे हजार कप्पे असतील तर उत्तर नऊशे नव्याण्णव. काही ड्राइव्ह बिनधास्त ‘हजार’ म्हणून मोकळे होतात. शेवटचा क्रमांक विचारला होता, त्यांनी एकूण सांगितले. संगणक विश्वासानं हजार क्रमांकाचा कप्पा वाचायला जातो, तो कप्पा नसतोच, आणि काही ड्राइव्ह तिथेच गारठतात. लिनक्सच्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरला जोडलेली अशा वात्रट यंत्रांची एक जुनी यादी आहे. तिचं नावच ‘अनयूज्युअल डेव्हाइसेस’. तिथे त्या ड्राइव्हच्या नावापुढे खूण केलेली असते, याच्या उत्तरातून एक वजा कर. झालं. वरच्या फाइल सिस्टिमला, फोटो उघडणाऱ्या प्रोग्रॅमला, फोटो पाहणाऱ्या आजोबांना यातलं काही कळत नाही, कळायचं कारणही नाही.

आता तो प्रिंटर. एका रविवारी आम्ही तो तपासला. केंद्रातल्या जुन्या संगणकावर कुणीतरी उबुंटू लिनक्स बसवून दिलेलं. तिथे छपाईचं काम कप्स नावाची व्यवस्था करते. छापायचं असलं की कप्स त्या प्रिंटरचा ताबा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरकडून स्वतःकडे घेते, काम संपलं की परत देते. बहुतेक प्रिंटरांना या देण्याघेण्याचं काही वाटत नाही. हा मात्र परत दिला जाताना रुसतो आणि वीज तोडून पुन्हा दिल्याशिवाय बोलत नाही. कप्सच्या यूएसबी खोडींची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात त्या प्रिंटरचा क्रमांक आणि पुढे ‘परत देऊ नको’ अशा अर्थाचा एक शब्द टाकला. एक ओळ. चिठ्ठी काढून आता बरेच दिवस झाले, ताईचा हात अजून मागे जातो.

ही ओळ कर्नलमध्ये का घातली नाही, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. प्रश्न रास्त होता आणि त्याच्या उत्तरातूनच ही चळवळ उभी राहिली. त्या प्रिंटरशी प्रत्यक्ष बोलणारी कप्स आहे. ताबा घेते ती, देते ती, रुसवा होतो तो तिच्यासमोर. कर्नलचा स्वतःचा यूएसबी प्रिंटर ड्रायव्हर जेव्हा बोलतो तेव्हा लागणाऱ्या खोडींची त्याच्याकडे वेगळी, छोटी यादी आहे. म्हणजे कर्नल की बाहेर हा वाद अर्धवट आहे. आमचा नियम असा: खोड सांभाळावी ती यंत्राला नेमकं ओळखू शकणाऱ्या आणि त्याच्याशी स्वतः बोलणाऱ्या सर्वांत जवळच्या थरानं. त्याच्या वर खोडीचा वासही जाता कामा नये.

हे पनवेलमध्ये सुचलं याचं आम्हाला नवल वाटत नाही. हे गावच सांध्यावरचं. मुंबईहून माल गलबतानं इथल्या बंदरात उतरायचा आणि इथून पुढे बैलगाडीनं बोरघाट चढून पुण्याकडे जायचा. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. पनवेलच्या गाडीच्या चाकांच्या धंद्याची नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात आहे. रस्ता खडकाळ म्हणून व्यापाऱ्यानं तांदळाच्या पोत्याचा आकार बदलला नाही, बैलांना वेगळं चालायला शिकवलं नाही. जिथे लाकूड दगडाला भिडतं तिथे लोखंडाची धाव चढवली. आरे, आस, वंगण यांचा सगळा विचार चाकापाशी संपला आणि पोत्यातल्या तांदळाला घाट कधी कळला नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे. त्यावर जास्त बोलणार आहोत, कारण चुका करणारे तिथे जास्त आहेत आणि त्यात आम्हीही होतो.

एसडी कार्ड वाचणाऱ्या कंट्रोलरांसाठी एक सामाईक प्रमाण ठरलेलं आहे. सगळे कंट्रोलर त्याप्रमाणे वागले असते तर एकच ड्रायव्हर पुरला असता. या आशेनं पिएर ऑसमन यांनी लिनक्ससाठी असा ड्रायव्हर लिहिला आणि २००६ मध्ये तो कर्नलमध्ये आला. मग खरे कंट्रोलर येऊ लागले. एकाला घड्याळाचा संकेत आधी दिल्याशिवाय रीसेट होता येत नाही. एकाचा वेळमर्यादेचा आकडा भलताच. एकाला कार्ड आत आहे की नाही हेच धड सांगता येत नाही. एकाची लेखनबंदीची खूण उलटी, म्हणजे कार्ड कुलूपबंद असलं की तो म्हणतो उघडं आहे. प्रत्येक खोडीसाठी सामाईक ड्रायव्हरात एक झेंडा उभा केला गेला: हा झेंडा असेल तर असं कर, नसेल तर तसं. झेंडे एका ३२ बिटांच्या आकड्यात ठेवलेले. ते सगळे ३२ भरले. मग काय केलं? दुसरा आकडा सुरू केला. त्याचं नाव ‘क्वर्क्स २’, म्हणजे ‘खोडी २’. आम्ही पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा हसलो. नंतर आमचाच जुना कोड उघडून पाहिला आणि हसू थांबलं.

झेंडा लावणारा प्रत्येक माणूस आपल्यापुरता शहाणाच होता. त्याच्यासमोर एक बोर्ड होता, एक बिघडलेली संध्याकाळ होती, चार ओळींत काम होत होतं. पण त्या चार ओळी सगळ्यांच्या वाटेवर पडल्या. ज्या कंट्रोलरला काहीच खोड नाही तोही आता प्रत्येक वळणावर ‘तू अमका आहेस का, तू तमका आहेस का’ या चौकशीतून जातो. शिवाय झेंडे एकमेकांत मिसळतात. पन्नास झेंड्यांच्या सगळ्या जोड्या तपासायला ढीगभर प्रकारचे बोर्ड लागतात, ते जगात कुणाच्याच टेबलावर नसतात. एकाची खोड सांभाळायला जावं आणि दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बिघडावं. नील ब्राउन यांनी २००९ मध्ये कर्नलच्या रचनेवर लिहिताना या प्रकाराला ‘मिडलेयर मिस्टेक’ म्हटलं, म्हणजे मधल्या थराची चूक: मधला थर स्वतः मालक होऊन बसतो आणि यंत्राच्या ड्रायव्हरला आपल्या पोटात खोचलेल्या झेंड्यांपुरता उरवतो.

यातून बाहेर कसं पडायचं तेही त्याच ड्रायव्हरात दिसतं. रसेल किंग यांनी २०१४ मध्ये पॅचांची, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्यांची, एक मोठी मालिका पाठवली. तिच्यात रीसेट, घड्याळ, बसची रुंदी यांसारखी कामं सामाईक वाटेतून काढून ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी वेगळी मांडली. ज्या कंट्रोलरचा रीसेट सरळ आहे त्याचा ड्रायव्हर तयार फंक्शन उचलतो. ज्याचा तिरका आहे तो आपलं स्वतःचं लिहितो, आत हवं तर तयार फंक्शनच बोलावतो, आधी-नंतर आपला विधी करतो. मालक कोण हे उलटलं. आता या कामांतली खोड त्या त्या कंट्रोलरच्या फाइलीत राहते. तो कंट्रोलर जगातून गेला की फाइल पुसा, बाकीच्यांचं पानही हलणार नाही.

म्हणून कोड लिहिणाऱ्यांना आमचं मागणं असं. खोड ही नुसती माहिती असेल, म्हणजे क्रमांक, आकडा, उलट-सुलट, तर ती तक्त्यात लिहा. खोड ही वागणूक असेल, म्हणजे आधी हे, मग थांब, मग ते, तर ती त्या यंत्राच्या ड्रायव्हरात लिहा. सामाईक वाटेत कुठल्याही यंत्राचं नाव घेऊन ‘जर’ लिहू नका. लिहावंच लागलं तर शरमेनं लिहा आणि शेजारी कारण लिहा.

पण ड्रायव्हर येण्याआधीच खोड काढणाऱ्या यंत्रांचं काय? अशी पुष्कळ आहेत. यूएसबीचं यंत्र स्वतःचं नाव सांगतानाच अडखळलं तर कोणता ड्रायव्हर बोलवायचा हेच ठरत नाही. तिथे यूएसबीच्या गाभ्यालाच यादी ठेवावी लागते आणि तो ठेवतो. संगणकाच्या आतली यंत्रं जोडणाऱ्या पीसीआयचंही तसंच. तिथे खोडी सांभाळायच्या वेळा ठरवून दिलेल्या आहेत: यंत्र दिसताक्षणी, पत्ते वाटून झाल्यावर, झोपेतून उठताना. व्हाया कंपनीच्या ६८६बी या चिपच्या काळात डिस्कवरचा डेटा खराब व्हायचा आणि त्यात साउंड कार्डाचाही हात दिसायचा. दोष होता मधल्या चिपसेटात. डिस्कचा ड्रायव्हर कितीही हुशार असता तरी त्याला तो दिसला नसता. तोडगा पीसीआयच्या खोडींच्या फाइलीत गेला. सर्वांत जवळचा थर म्हणजे दर वेळी ड्रायव्हरच, असा अर्थ घेऊ नका. खोड दोघांच्या मधली असेल तर मध्यस्थाकडे जा.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जुन्या ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे. फोटॉन प्लस आणि नेटकनेक्टच्या दिवसांतले इंटरनेटचे डोंगल. अशा पुष्कळ डोंगलांची रीत अशी की लावल्यावर ते आधी म्हणायचे, मी सीडी आहे. त्या सीडीत विंडोजचं सॉफ्टवेअर. ते बसलं की सीडीचं सोंग टाकून मोडेम व्हायचं. लिनक्सवाले सीडीकडे बघत बसायचे. सुरुवातीला यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरातच ह्वावेच्या डोंगलांच्या नोंदींची लांबलचक रांग लागली. पुढे हे काम मुख्यतः यूएसबी-मोडस्विच नावाच्या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे आणि त्याच्या डेटा फायलींकडे गेलं, आणि ते बरोबर झालं. डोंगल सीडी म्हणूनही शहाण्यासारखा वागत होता, मोडेम म्हणूनही. कुठलं सोंग हवं ही वापरणाऱ्याची मर्जी होती. मर्जीचे निर्णय कर्नलनं घेऊ नयेत. कीबोर्डवरचं एखादं बटण कुठला संकेत पाठवतं, टचपॅडचा स्पर्श किती हलका धरायचा, हेही बाहेरच्या तक्त्यांतच शोभतं. तिथली चूक दुरुस्त करायला नवा कर्नल यायची वाट बघावी लागत नाही.

आमच्यातले काही जण म्हणतात, मग सगळ्याच याद्या बाहेर काढा. म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कर्नलमध्ये ओळ जाऊन ती सेवा केंद्रापर्यंत पोचायला कित्येक महिने जातात. त्यावर सोयही आहे: यूएसबीच्या गाभ्याला आणि स्टोरेज ड्रायव्हरला बूट होताना यंत्राचा क्रमांक आणि खोडीचं अक्षर सांगता येतं, कर्नल नव्यानं बांधावा लागत नाही. आम्ही हे चाचणीसाठी आनंदानं वापरतो. पण एका संगणकाच्या बूट ओळीत घालून विसरलेला तोडगा म्हणजे तीच चिठ्ठी, अक्षर जरा सुवाच्य इतकंच. तो संगणक फॉरमॅट झाला की ज्ञान गेलं. आणि ज्या यंत्राच्या खोडीनं डेटा जातो किंवा संगणकच उठत नाही, त्याला बाहेरचा तक्ता वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. या गटाशी आमचा वाद चालू आहे. चालू राहील.

आणखी एक कबुली. खोड बहुसंख्यांची झाली की ती खोड राहत नाही, रीत होते. यूएसबीच्या पुस्तकात यंत्राची ओळख कशी करून घ्यावी ते लिहिलेलं आहे. पण बाजारातली यंत्रं पुस्तक वाचून तयार झाली नाहीत. विंडोजला लावून चाललं की माल बाहेर. म्हणून लिनक्सनंही विंडोजसारखा पहिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. स्टोरेज यंत्रांना पहिल्या चौकशीत ३६ बाइटच मागायचे, जास्त मागितले तर काहींची दातखीळ बसते, ही रीतही अशीच आली. अशा वेळी हजार नोंदींचा तक्ता करणं मूर्खपणाचं आहे. वाटच बदलावी आणि पुस्तकाशी इमान राखणाऱ्या थोड्या यंत्रांची यादी करावी.

मग राहतात ते तोतये. शंभर-दोनशे रुपयांत ब्लूटूथचा जो डोंगल मिळतो तो बहुतेकदा एका नामांकित ब्रिटिश कंपनीचा क्रमांक सांगतो आणि त्या कंपनीचा नसतो. क्रमांकावरून ओळखायचं म्हटलं तर अस्सल आणि नक्कल एकाच ओळीत येतात. लिनक्सचा ड्रायव्हर तिथे क्रमांकावर विसंबत नाही. आवृत्तीचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघून तोतया ओळखतो आणि त्याला जमणार नाहीत त्या आज्ञा देतच नाही. त्याला हाकलत नाही. ही वृत्ती आम्हाला आवडते. २०१४ मध्ये सीरियल केबलच्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीनं उलटं केलं. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपेतला ओळखक्रमांकच पुसून शून्य करू लागला, म्हणजे केबल मेली. लिनक्सवाल्यांनी त्यावर शून्य क्रमांकही आपल्या यादीत घातला आणि मेलेल्या केबला पुन्हा बोलू लागल्या. वजनकाट्यावर ट्रक उभा असताना केबल अस्सल की नक्कल हा प्रश्न ड्रायव्हरवाल्याचा नसतो. नक्कल करणाऱ्यांची बाजू आम्ही घेत नाही, पण यूएसबीच्या संस्थेकडून स्वतःचा विक्रेता क्रमांक घ्यायला हजारो डॉलर पडतात, हेही विसरत नाही.

आम्ही काय करणार? खोडवही ठेवणार. प्रत्येक नोंदीत यंत्राचा क्रमांक आणि आवृत्ती, खोड काय, ती कशी पुन्हा घडवून दाखवता येते, कुठल्या थरात तोडगा घातला आणि तिथेच का, आणि ते यंत्र कुणाच्या कपाटात आहे. शेवटची गोष्ट लोकांना क्षुल्लक वाटते. पण यादीतली ओळ पुसायची वेळ येते तेव्हा यंत्र कुणाकडेच नसतं, म्हणून कुणी हात लावत नाही. आपल्या धंद्यात जित्याची खोड मेल्यावरही जात नाही ती याचसाठी. म्हणून आमचं एक कपाट असेल, जुन्या खोडकर यंत्रांचं.

तोडगा घरात ठेवायचा नाही. दुरुस्तीच्या दुकानात अशी गुपितं गिऱ्हाईक टिकवतात हे आम्हाला माहीत आहे, आमच्यातल्या काहींचं पोट त्यावर चालतं. तरी ठरलंय. तोडगा सिद्ध झाला की तो मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा, नाकारला तर कारण वहीत लिहायचं आणि सुधारून पुन्हा पाठवायचा. खोड जाहीर करण्यात यंत्राची बदनामी नाही. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती मागितली तर ‘बग्ज’ म्हणून एक ओळच येते आणि जानेवारी २०१८ मध्ये जगासमोर आलेल्या मेल्टडाउन-स्पेक्टरपासूनचे दोष तिथे नावानिशी छापलेले असतात. एवढ्या मोठ्या कंपन्यांना ते चालतं, तर प्रिंटरवाल्यांना का चालू नये?

यंत्रं बनवणाऱ्यांकडे एकच मागणं: आतली चिप बदललीत तर आवृत्तीचा आकडाही बदला. तोच खोका, तेच नाव, तोच आकडा, आत वेगळाच प्राणी, यानं आमच्या जितक्या रात्री गेल्या तितक्या दुसऱ्या कशानं गेल्या नाहीत. शाळा, नगरपालिका, सरकारी कार्यालयं यांच्यासाठी खरेदी करणाऱ्यांकडेही एक: निविदेत ‘सोबत ड्रायव्हरची सीडी’ असं लिहिणं थांबवा. मूळ कर्नलमध्ये किंवा मूळ प्रकल्पात ज्याचा तोडगा पोचलेला आहे ते यंत्र घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार सुटला तेव्हापासून चांगले चालते संगणक भंगारात जाताना आम्ही बघतोय. त्यांतल्या पुष्कळांवर लिनक्स चालेल. अडतं ते आवाज, वायफाय किंवा स्क्रीनचा उजेड यांतल्या कुठल्या तरी एका खोडीवर, आणि त्या खोडीची ओळ लिहायला कुणी बसलेलं नसतं.

आम्ही बसणार आहोत. महिन्यातून एक रविवार, पनवेलमध्येच, फी नाही. येताना यंत्र आणा. केबलही तीच आणा, घरातली दुसरी चांगली केबल नको. बॉक्स असेल तर बॉक्स आणा, त्यावरचा आवृत्तीचा शिक्का कामाला येतो. यंत्र चालतं म्हणून घरी ठेवू नका. तुम्ही त्याला कसं चालवून घेता ते आम्हाला बघायचं आहे. आणि त्यावर कुणी चिठ्ठी चिकटवली असेल तर ती काढू नका, चिठ्ठीसकट आणा. वहीत पहिली ती उतरवून घेऊ.